रेकॉर्डिंग चालू असताना

“हेही नको,” ताई म्हणाली, आणि भाचेबुवांनी कपाळावर हात मारून घेतला.

भाचेबुवा म्हणजे ताईचे मामेभाऊ. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. हक्काची सुट्टी सोडून ते सकाळपासून आतोबांच्या, म्हणजे ताईच्या वडिलांच्या, घरी खुर्चीला चिकटले होते आणि ताईला काही पसंत पडायला तयार नव्हतं.

कॉम्प्युटर मुलखाचा आळशी. तो चालू करून चहा टाकावा, पिऊन कप विसळून यावं, तेव्हा कुठे स्क्रीन उजळायचा. त्यावर आतोबांचा विमानाचा जुनापुराणा खेळ होता. वरून दगड कोसळत राहतात, खालून विमान वाचवत न्यायचं. जितकं तगाल तितके गुण.

आतोबांनी उभी हयात बंदरावर क्रेन चालवली. टनावारी माल उचलून असा अलगद ठेवायचे की खाली उभ्या माणसाला पत्ता लागू नये. निवृत्तीनंतर ती सगळी हुकमत त्यांनी विमानावर लावली. परगावी राहणाऱ्या धाकट्या भावाशी त्यांची कायमची चुरस होती आणि त्यात ते सहसा हरत नसत.

मग आजारपण आलं आणि उजवा हात लुळा पडला. पुढे हात हलू लागला, पण बोटं ऐकेनात. विमान पहिल्या दगडालाच आपटायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, “बोटं चालती ठेवा, नाहीतर आखडून बसतील.” दाबायला रबरी चेंडू दिला, तर आतोबा भडकले. “मी काय तान्हं बाळ आहे?” खेळायला तेवढे बसायचे, आणि परवापासून तेही बंद झालं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताईच्या जिवाला घोर लागला होता.

म्हणून तिने भाचेबुवांना बोलावलं. “बाबांचा खेळ रेकॉर्ड करायचाय. काकांना व्हिडिओ पाठवायचा म्हटलं की बसतील खेळायला. या डबड्यावर लावायला एखादं सॉफ्टवेअर बघ ना.”

बघ म्हटल्यावर भाचेबुवांनी कंबर कसली. पहिल्या सॉफ्टवेअरने व्हिडिओच्या मधोमध आपलं नाव एवढं मोठं छापलं की दगड दिसेनात. ते गेलं. दुसऱ्यात चित्र आलं, आवाज गायब. तेही गेलं. तिसरं मात्र हिरा निघालं. इवलंसं, बिनतक्रार. भाचेबुवांनी चित्राचा आकार कमी केला, मागे चालणारं सटरफटर बंद केलं, आणि रेकॉर्डिंग चालू असूनही खेळ सुसाट पळू लागला. दगड धडाधड कोसळत होते. भाचेबुवांची छाती फुगली.

त्यावर ताईचं ते “हेही नको.”

“अगं ताई, सोनं आहे हे! जरा म्हणून अडकत नाही. याहून हलकं जगात मिळायचं नाही.”

“ते दिसतंय मला. अजून काय आहे तुझ्याकडे?”

“एक आहे, पण ते स्टुडिओवाल्यांचं. माझ्या दुकानातल्या नव्या मशीनलाही घाम फोडतं.”

“लाव.”

“डोकंबिकं फिरलंय का तुझं?”

“लाव रे बाबा. मी सांगतेय ना.”

भाचेबुवांनी मुकाट्याने लावलं. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. मग ते तरातरा गॅलरीत जाऊन उभे राहिले. आता होऊ दे काय व्हायचं ते, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मेहनत मातीत गेल्याचा त्यांना खरंच राग आला होता.

आतून ताईची मनधरणी ऐकू येत होती. मग आतोबांची कुरकुर. मग खुर्ची सरकली. बराच वेळ नुसती पंख्याची घरघर.

आणि अचानक आतोबांचा जुना, बंदरावरचा आवाज घुमला. “हट्! गेला! ये, तूही ये!”

भाचेबुवा धावत आत आले आणि दारातच थबकले.

स्क्रीनवर दगड पिसासारखे तरंगत खाली येत होते. सॉफ्टवेअरच्या ओझ्याखाली कॉम्प्युटरची दमछाक झाली होती, आणि त्याच्यासोबत अख्खा खेळ मंदावला होता. आतोबांचं बोट थरथरत, सावकाश बटणावर पोचायचं, दाबायचं, आणि तरीही दगड विमानापासून हातभर लांबच असायचा. ताईने भाचेबुवांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. तिला हलकं सॉफ्टवेअर कधी हवंच नव्हतं.

गुण चढत गेले. धाकट्याचा आकडा मागे पडला. आतोबांनी दोन्ही हात वर केले. दोन्ही! उजवा खांद्यापाशी अडला, पण गेला वर. भाचेबुवांनी राग विसरून टाळ्या पिटल्या. ताई हसता हसता रडली आणि ते तिने लपवलंही नाही.

“काकांना लगेच पाठवते व्हिडिओ,” तिने माउसकडे हात नेला.

“थांब,” आतोबा म्हणाले. “हा नाही पाठवायचा.”

“का हो बाबा? जिंकलात की!”

आतोबांनी उजव्या हाताची बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. चेहऱ्यावर लबाड हसू होतं.

“पडल्या पडल्या ऐकलंय मी सगळं. आज यंत्रावर ओझं टाकलंस ते झ्याक केलंस, पोरी. उद्यापासून मात्र रोज थोडं थोडं उतरव. धाकट्याला पाठवायचा तो डाव मी भाचेबुवांच्या त्या सगळ्यात हलक्यावर खेळणार आहे.”