एक जून

"आई, जेवलीस का? गुडघा कसा आहे?" फोनवर हरिदासचाच आवाज होता. मग त्याने ओटीपी मागितला.

द्वारकाबाई मेथी निवडत होत्या. हल्ली यंत्रं कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची, म्हणून त्यांनी नेहमीचं विचारलं, "तुझा जन्म कधीचा?"

"एक जूनचा."

ती तारीख शाळेच्या दाखल्यावरची. मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एकच लावून टाकली होती. द्वारकाबाईंनी फोन ठेवला.

तासाभराने पुन्हा तोच आवाज आला. "आई, मीटिंगमध्ये आहे. पार्सल आलं का तेवढं सांग."

"जन्म कधीचा?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. दरवेळी काय तेच तेच?"

हा खरा होता. पार्सल आलंय म्हणताच त्याने फोन ठेवला.

द्वारकाबाई पुन्हा मेथीकडे वळल्या. जेवलीस का, हे दोघांपैकी एकानेच विचारलं होतं.