नत्थुजींच्या शटरचं यंत्र

"काका, आता शटर पूर्ण खाली ओढा," दामिनी म्हणाली. ती फरशीवर उकिडवी बसली होती. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात लोहचुंबकाची छोटी पट्टी.

नत्थुजींनी शटर ओढलं, बल्ब लावला. दामिनीनं शटरच्या खालच्या कडेला एक खूण केली, तिच्या शेजारी फरशीवर दुसरी. कडेला चुंबक बसणार, फरशीवर सेन्सर. शटर वर गेलं की दोघांची ताटातूट होणार, आणि भिंतीवरच्या डब्यातलं सिमकार्ड लगेच मेसेज पाठवणार. राजापेठेतल्या सोनारांकडे, मोबाइलवाल्यांकडे दामिनीनं अशी यंत्रं बसवली होती. रिकाम्या खोलीत बसवायची ही पहिलीच वेळ.

खोली खरंच रिकामी होती. ग्रीसचे डाग पडलेली फरशी, मागे घरात जाणारा जिना, आणि जिन्याखाली नत्थुजींची स्कूटर. स्कूटरवर एवढी धूळ होती की बोटानं नाव लिहावं. नत्थुजी हल्ली भाजीच्या दुकानावर पायीच जात.

"इथून चोर काय नेईन? तेलाचे डाग?" नत्थुजींच्या बायको आशाबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. "या मानसाच्या डोक्यात कवा काय शिरंन, सांगता येत नाही."

नत्थुजी गप्प राहिले. बोलण्यापायीच तर सगळं झालं होतं.

इथे त्यांच्या नितेशचं गॅरेज होतं. नांदगाव पेठेच्या कारखान्यातली पगाराची नोकरी सोडून पोरगा इथे गाड्या दुरुस्त करायला बसला, तेव्हापासून नत्थुजी धुमसत होते. एका सकाळी दोघांची जुंपली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुन्हा या शटरच्या आत पाय ठेवशीन तं मायं मेलेलं तोंड पाह्यशीन!" रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. ऐकणाऱ्यानं ते मनावर घ्यायचं नसतं. पण नितेशचा बापावर फार जीव. त्यानं शपथ खरी मानली, नटबोल्ट खोलायचे पाने पिशवीत भरले आणि अकोल्याला दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला लागला.

घरात जायचा रस्ता शटरमधूनच. म्हणून गेल्या दिवाळीला पोरगा आला तो रस्त्यावरच उभा राहिला. आशाबाईंनी फराळाचा डबा बाहेर नेऊन दिला. जाताना त्यानं वरच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत नत्थुजी होते. तो गेल्यावर आशाबाई रडून म्हणाल्या, "नुसतं 'सुटली' म्हना ना त्याले. ज्यानं शपथ घातली त्यानंच सोडा लागते."

लहान पोरंसुद्धा भांडण मिटलं की 'शपथ सुटली' म्हणून मोकळी होतात. नत्थुजींना ते जमेना. बाजारात दिवसभर घसा फोडून मेथी-पालक विकणारा हा माणूस, पण तो एक शब्द काही ओठांवर येईना. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

दामिनीनं शेवटचा स्क्रू घट्ट केला. "बोटभर अंतर ठेवलं आहे काका. झाडताना धक्का लागू देऊ नका. आता नंबर सांगा. मेसेज कोनाच्या मोबाइलवर पाठवायचा?"

नत्थुजींनी खिशातला फोन काढला नाही. नंबर त्यांना पाठ होता. तो त्यांनी सावकाश, एकेक आकडा करत सांगितला.

आशाबाईंनी चमकून पाहिलं. "हा तं नितेशचा नंबर हाये!"

नत्थुजी फरशीवरच्या सेन्सरकडे पाहत राहिले. दामिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं नंबर टाकला. "अन् मेसेजात काय लिहू? लोक 'शटर उघडलं' असं लिहितात. कोनी 'चोर आला' लिहितात."

नत्थुजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "लिही, शपथ सुटली."

"काय?"

"शपथ सुटली. तेवढंच लिही पोरी."

आशाबाई पायरीवरून उठल्या. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अवो, लिहून नाही सुटत. तोंडानं म्हना लागते."

"तोंडानं जमत नाही मले!" नत्थुजी ओरडलेच. मग त्यांचा आवाज बसला. "म्हून तं हे यंत्र आनलं."

दामिनीनं मेसेज टाइप केला. मग ती म्हणाली, "काका, एकदा उघडून पाहा."

नत्थुजी वाकले. दोन्ही हातांनी त्यांनी शटर उचललं आणि खडखडाट करत थेट वरपर्यंत नेलं. ऊन आत शिरलं, जिन्याखालच्या स्कूटरपर्यंत गेलं. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकला.

तिघंही त्या दिव्याकडे पाहत उभी राहिली. तेवढ्यात आशाबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, मले एक मेसेज आला." नितेशचा आवाज कापत होता. "नंबर ओळखीचा नाही. कोनी मस्करी करून राहिलं काय माही?"

आशाबाईंनी फोन तसाच नत्थुजींच्या तोंडापुढे धरला.

नत्थुजींचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. आशाबाईंचा हात मात्र खाली आला नाही.

"मस्करी नाही रे," ते कसेबसे म्हणाले. "सुटली. सुटली बापू, शपथ सुटली."

पलीकडे कितीतरी वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

"अन् येतानी पाने घेऊन ये," नत्थुजी म्हणाले. "तू गेला तवापासून स्कूटर बंद हाये. दुसऱ्या कोनालेच हात नाही लावू देल्ला मी तिले."