कोरी पातेली

"एस्पेरांसाक गणित जमता मां?" बाबांनी जेवता जेवता विचारलं.

सुगंधाचा घास तोंडातच राहिला. बी.एस्सी.ला तिला जायचं होतं. सावंतवाडीच्या कॉलेजात प्रवेशाआधी पायाभूत गणिताची परीक्षा होती, त्यासाठी ती जीव तोडून अभ्यास करत होती. आणि बाबांना काळजी शेजारच्या साल्वादोरच्या मुलीची!

"जमता. माजा नाय इचारलात?"

"तुजा म्हायत आसा."

हे रोजचंच. मालवणच्या बाजारात जायचं म्हटलं तरी बाबा म्हणत, "एस्पेरांसाक घेवन जा." परवा तर त्यांनी दोन कोरी पातेली आणली आणि थेट साल्वादोरच्या घरी नेऊन दिली. का, ते सांगितलं नाही. काम होईपर्यंत बोलायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. सुगंधाच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. पोटची पोर मी की ती?

दोघी त्याच परीक्षेसाठी अप्पा मास्तरांकडे शिकत. एस्पेरांसा मावसबहिणीच्या लग्नाला गोव्याला गेली आणि नेमकी त्याच दिवशी मास्तरांनी असमानतेची गणितं घेतली.

"दोनय बाजूंक ऋण संख्येन गुणला, तर मधल्या चिन्हाचा काय करूचा गो?" परत आल्यावर एस्पेरांसाने विहिरीवर सुगंधाला विचारलं.

चिन्ह उलटायचं. मास्तरांनी ते घोकून घेतलं होतं.

"काय नाय. तसाच ठेवचा," सुगंधा म्हणाली.

"देव बरें करूं," असे आभार मानत एस्पेरांसाने तिची भरलेली कळशी उचलून दिली. सुगंधाला वाईट वाटलं, पण जरासंच.

निकाल बघायला दोघींचे वडील गेले. संध्याकाळी बाबा एकटेच घरात आले.

"तुजा नाव लागला. एस्पेरांसाचा थोडक्यात हुकला."

सुगंधाला हसू दाबता येईना. आता तरी बाबा पाठीवर हात ठेवतील म्हणून ती उभी राहिली. तेवढ्यात साल्वादोर ती पातेली घेऊन ओटीवर आला आणि बाबांना म्हणाला,

"ही परत घे, गुरुदासा. माजी भयण फेलिसिदाद सावंतवाडीक आपल्या घराक दोघींकय ठेवन घेतली असती. आमच्या भांड्यांत कायय शिजता, म्हणान तुज्या चेडवाक, सुगंधाक, ही येगळी. आता एस्पेरांसाच जायना."

सुगंधाचं हसू विरलं.

"बाबा, मी एकटी रवान थंय!"

बाबांनी पातेली फळीवर उपडी घातली.

"एकट्याक तुका मालवणच्या बाजारात तरी कधी धाडलंय?"