सुटलेलं घर

गल्लीतल्या चारपैकी तीन घरं चोरांनी फोडली, तसं डेल्बर्टला टेनेसीतलं ते अख्खं गावच चोर दिसू लागलं. चोरीला काय गेलं, हे विचारलं की तिन्ही शेजारी तोंडाला कुलूप लावून बसायचे.

"तो गवत कापणारा बघ, कसा खिडकीतून डोकावतोय!"

"तिथे माझा केक निवत असतो. डोकावेल नाहीतर काय!" त्याची बायको व्हर्ना म्हणाली. "आणि बंदुकीचं नाव काढू नकोस. जन्मभर तिच्यावाचून काही अडलं नाही आपलं."

"चौथं घर आपलं असेल, तेव्हा कळेल तुला!"

शनिवारी त्याने बंदूक आणलीच. वर 'या घरात बंदूक आहे' असा फलक रस्त्यावरून दिसेल असा अंगणात ठोकला. आता येऊ दे कोण येतो ते!

रविवारी दोघं चर्चमधून परतली, तर मागचं दार उचकटलेलं. टीव्ही जागच्या जागी, व्हर्नाच्या आईच्या अंगठ्या जागच्या जागी. पलंगाखालची बंदूक तेवढी गायब.

पोलिसाने मान डोलावली. "त्या तिन्ही घरांतही हेच. बंदुकांखेरीज कशालाही हात लावला नाही."



मग त्याची नजर अंगणातल्या फलकावर गेली. "इतके दिवस तुमचंच घर कसं सुटलं, याचंच आम्हाला कोडं पडलं होतं."