भाड्याची गाडी

“मागून आणलेली नव्हती, साहेब. या नानांकडून भाड्याने घेतली होती,” लोटन छाती काढून म्हणाला.

विमा कंपनीचा सर्व्हेयर गॅरेजमध्ये चेपलेल्या बॉनेटचे फोटो काढत होता. तो थांबला. लोटनच्या शेजारी धुळ्याचे झुलालआप्पा उभे होते, त्याचे नवे व्याही. मुलीचा साखरपुडा करून लोटन त्यांना पाचोऱ्याचं घर दाखवायला आणत होता आणि पारोळ्याजवळ गाडी दुभाजकावर चढली. माणसं वाचली, एवढंच.

सुपडूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. गाडी त्याची. लोटन त्याच्या बायकोचा, पुष्पाचा भाऊ. पुष्पाच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी घेतलेली ही गाडी. पुष्पा गेली त्याला अजून वर्ष झालं नव्हतं, म्हणून सुपडू साखरपुड्याला गेला नव्हता. गाडी मात्र दिली होती.

“मालक तुम्हीच ना?” सर्व्हेयरनं विचारलं. “पॉलिसी खाजगी आहे. घरच्या माणसानं, मित्रानं मागून नेली तर चालतं, लायसन असलं म्हणजे झालं. भाड्याने दिली तर क्लेम मिळत नाही.” आणि त्यानं कागदावर लिहिलं.

मिस्त्री म्हणाला, “क्लेम नसेल तर हिच्यात हात घालण्यात अर्थ नाही, नाना. भंगारातच जाईल.”

सुपडूनं लोटनला दंडाला धरून शेडमागे नेलं.

“कोणी भाडं दिलं? कोणाला?”

“हळू बोला, दाजी. व्याहीसमोर मांगेल गाडी शे असं कसं सांगू? मन्ही पोरनं लगीन शे.”

“मी तिथं दाजी नव्हतो. तिथं तू मला नाना म्हणालास.”

“दाजी म्हटलं असतं तर समजलं असतं ना त्यांना.”

“काय समजलं असतं? की तुला बहीण होती?”

लोटननं मान वळवून आप्पा येत नाहीत ना ते पाहिलं.

“जा आणि खरं सांग साहेबाला.”

“आप्पांना बसमध्ये बसवतो, मग सांगतो.”

ते परत आले तेव्हा झुलालआप्पाच पुढे झाले. माणूस भला होता. त्यांनी सुपडूच्या खांद्यावर हात ठेवला.

“गाडीवाले भाऊ, तुमचं फार नुकसान झालं. मनाला लावून घेऊ नका. लग्नाला आम्ही तुमचीच गाडी सांगू.”

सुपडूची कानशिलं तापली. त्यानं तो हात खाली केला.

“लग्नाला मी येणारच आहे. मी नवरीचा फुवा. तिच्या सख्ख्या आत्याचा नवरा.”

झुलालआप्पांनी लोटनकडे पाहिलं. “लोटनराव, हे तुमचे दाजी?”

लोटनचं तोंड उतरलं. तो सर्व्हेयरकडे वळला. “साहेब, ते भाड्याचं खोडा. घरचीच गाडी. मागून आणली होती.”

सर्व्हेयरनं त्रासून पेन उघडलं. सुपडूनं त्याचं मनगट धरलं.

“खोडू नका.”

“अहो, तुमचाच फायदा आहे.”

“बायको होती तोवर मी याचा दाजी होतो. आता मी याचा कोण, ते यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. राहू द्या तसंच.”