कोंड्याची पाटी

चावडीच्या अंधाऱ्या खोलीत कोंड्याने भरलेली पाटी ठेवून गावचे पंच शरणप्पा बाहेर आले आणि म्हणाले, "पयली भागाबाई जाईल."

श्रीपतरावांच्या घरातून सोन्याची बोरमाळ गेली होती. त्या दिवशी भागाबाई त्यांच्याकडे तूर पाखडायला होती, आणि गावाला तेवढं पुरेसं होतं. आळंदहून आलेला जमादार बाकावर पाय सोडून बसला होता. उन्हं उतरायच्या आत माळ मिळाली नाही तर बाईला ठाण्यावर नेणार, असं त्याने सांगून टाकलं होतं. ठाण्यावर जाऊन आलेल्या बाईला पुन्हा कामाला कोण बोलावतं?

गावची रीत जुनी. त्या दिवशी घरात वावरलेल्या प्रत्येकाने एकट्याने आत जायचं, बंद मूठ कोंड्यात खुपसायची आणि मोकळा हात दाखवत बाहेर यायचं. वस्तू परत आली की कोणी कोणाला विचारायचं नाही. पाटी खरं तर मारुतीच्या गाभाऱ्यात ठेवत. पण भागाबाईच्या घराने बुद्धाचा धम्म घेतला होता, ती देवळात यायला तयार नव्हती. काहींना त्यातच चोरी दिसली.

"आमी देव सोडला, अप्पा. खरं बोलायचं न्हाई सोडलं," ती शरणप्पांना म्हणाली होती. म्हातारे पंच उठले. पाटी उचलून चावडीत घेऊन आले.

भागाबाई आत गेली, बाहेर आली. लगेच शरणप्पांनी पाटी बाहेर आणली आणि सगळ्यांदेखत उपडी केली. पाटी उपडी व्हायची ती सगळ्यांचे हात झाल्यावर, मध्येच कधीच नाही. नुसता कोंडा निघाला.

भागाबाईचं तोंड उतरलं. "माझ्याच येळंला कामून, अप्पा?"

शरणप्पांनी कोंडा भरला आणि पाटी पुन्हा आत नेली. मग एकेक जण जाऊन आला. शेजारणी गेल्या, श्रीपतरावांच्या पत्नी नलिनीबाई गेल्या, घरच्या दोघी सुनाही गेल्या. शेवटी पाटी उपडी झाली तेव्हा कोंड्यात पिवळे मणी होते.

जमादार ताडकन उठला. हात कोणाचा, ते त्याला हवं होतं.

"तशी रीत न्हाई, साहेब," शरणप्पा म्हणाले. "कुनाचा न्हाई, तेवढं सगळ्यांला कळलंय."

पाटी मध्येच का उपडी केली, ते आता कुठे भागाबाईच्या ध्यानात आलं. ती पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून मोकळेपणाने रडली.

श्रीपतराव जवळ आले, घसा खाकरला. तूर अजून अर्धी राहिली आहे, उद्या ये, म्हणाले.

भागाबाईने हाताचा कोंडा झटकला. "माझं सूप ऱ्हायलंय तुमच्याकडं. ते तेवढं घरी आणून द्या."

उन्हं उतरता उतरता श्रीपतराव भागाबाईच्या वस्तीकडे चालले होते. दारादारांत माणसं उभी होती. श्रीपतरावांच्या हातात सूप होतं, आणि ते कसं धरावं हे त्यांना कळत नव्हतं.