बावनकशी

कुपी हुंगली आणि मुकुंद रेवणकरांचं डोकंच फिरलं. लेकीच्या डोळ्यांत घालायचे सोन्याचे थेंब, आणि त्यांना सडक्या लसणीचा वास! चाळीस वर्षं सोनं गाळलेल्या सोनाराला हे औषधवाले फसवणार?

"तो गंधकाचा वास आहे, बाबा," मृणाल म्हणाली. "सोन्याच्या मोजक्या अणूंचे बारीक पुंजके असतात, प्रत्येकावर गंधकाचं कवच. कवच आहे तोवर ते सुटे राहतात, आणि सुटे आहेत तोवरच मला दिसतं."

"मला सोनं शिकवू नकोस. हीण मिसळलंय लबाडांनी."

ती शाळेत शिकवायला गेली, तसे ते कामाला बसले. वर्षातून एकदाच मिळणाऱ्या त्या कुप्या त्यांनी एकेक करून आचेवर धरल्या. वास पार उडाला. लालसर चमकणारं पाणी नितळ झालं, तळाशी पिवळी धूळ बसली. चिमूटभर आटवून त्यांनी कसोटीला लावली. बावनकशी! इतकं शुद्ध सोनं त्यांच्या हातून आजवर उतरलं नव्हतं.

थेंबांचा गुण दिवेलागणीपर्यंतच टिकायचा. मृणाल भिंत चाचपत घरात आली आणि थेंबांसाठी तिने हात पुढे केला. मुकुंदरावांनी कुपी तिच्या हातात ठेवली.

"बघ, सगळं हीण काढलं. कसं लखलखतंय!"

मृणालने कुपी नाकाशी नेली. पुन्हा नेली. वास नव्हता.

"सगळ्या कुप्या, बाबा?"

"बाराच्या बारा," ते छाती फुगवून म्हणाले. "एकही सोडली नाही."